सैन्यातील शिस्त, आदर आणि वर्तणूक : खान्देशातील तरुण व त्यांचे कुटुंबीय वारंवार विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील कुठल्याही मोठ्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. १६०० मीटर किती मिनिटांत काढायचे, छाती किती फुगली पाहिजे, हे त्यांना तोंडपाठ असते. भरती झाल्यावर वागायचे कसे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि घरच्या मंडळींना तर त्याची कल्पनाही नसते. पायदळात २८ वर्षे काढून सुबेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी गावी परतलो, तेव्हापासून ओट्यावर बसून ज्या शंकांची उत्तरे देत आलो, त्यांतील नेहमीच्या शंका येथे एकत्र केल्या आहेत.

१. सैन्यातील शिस्त म्हणजे वरिष्ठ सांगेल ते निमूटपणे करणे, एवढेच का?

नाही. सेना अधिनियम, १९५० च्या ४१ व्या कलमाने वरिष्ठाची आज्ञा मोडणे हा गुन्हा ठरवला आहे. त्यासाठी शांततेच्या काळातही ५ वर्षांपर्यंत, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर असताना किंवा वरिष्ठाचा अधिकार उघडपणे झुगारून आज्ञा मोडल्यास १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र कायद्यातील शब्द ‘कायदेशीर आज्ञा’ असा आहे, आणि त्यातील पहिला शब्द वाचायचा राहून जातो. त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार हाताखालच्या माणसाला मारणारा किंवा छळणारा अधिकारी, जेसीओ (नायब सुबेदार ते सुबेदार मेजर) किंवा एनसीओ (नाईक, हवालदार वगैरे) ७ वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो. जू एकाच बैलाच्या मानेवर ठेवून गाडी चालत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की, थंडीत रात्री दोन वाजता संत्री म्हणून उभे राहण्याची आज्ञा कितीही जिवावर आली तरी ती कायदेशीर आहे. ती आधी पाळायची आणि पाळी चुकीची लावली असे वाटत असेल, तर सकाळी कंपनी हवालदार मेजरला सांगायचे. याउलट, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये खोटी नोंद करून सही ठोकायला कोणी सांगितले, तर सावधान उभे राहून, आवाज न चढवता, ‘साब, हे मला करता येणार नाही’ असे म्हणणे ही बेशिस्त नव्हे, कारण सरकारी कागद खोटा करणे हाच मुळात त्या कायद्याखालील गुन्हा आहे. अशी वेळ फार थोड्या वेळा येते, पण आली तर ओळखता आली पाहिजे.

२. हा कायदा गणवेशातील सगळ्यांनाच लागू असतो का?

सेना अधिनियम, १९५० आणि त्याखालील सेना नियम, १९५४ हे भूदलासाठी आहेत. वायुदलाचा कायदा १९५० चा आणि नौदलाचा १९५७ चा आहे. आपल्या भागातील अनेक मुले ‘मिलिटरीत’ आहेत असे घरचे सांगतात, तेव्हा ती प्रत्यक्षात सीआरपीएफमध्ये, बीएसएफमध्ये किंवा धुळ्याच्या राज्य राखीव पोलीस दलात असतात. सीआरपीएफसाठी १९४९ चा आणि बीएसएफसाठी १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे, तर राखीव पोलीस राज्याच्या कायद्याखाली येतात. भुसावळ आणि वरणगाव येथील आयुधनिर्माणीतील कामगार दारूगोळ्याचे व संरक्षण साहित्याचे काम करत असले, तरी ते नागरी कर्मचारीच आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने सरकारी कंपन्यांकडे गेले, त्यानेही यात फरक पडलेला नाही.

सैनिकाला नागरिकापेक्षा कमी हक्क का, असाही प्रश्न येतो. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सशस्त्र दलांच्या मूलभूत हक्कांना किती मर्यादा घालायच्या हे ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि संघटना करणे, राजकीय सभेत भाग घेणे व वृत्तपत्रांशी बोलणे यांवरील बंधने त्यातूनच आली आहेत.

३. आमच्याकडे मोठ्यांनाही ‘तू’ म्हणतात. तिथे बोलताना काय पाळावे?

हा प्रश्न विनोदाचा वाटतो, पण पहिल्या महिन्यात आपल्या मुलांना सर्वांत जास्त बोल याच कारणाने बसतात. अहिराणी बोलणाऱ्या अनेक घरांत आजोबांनाही ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो, उलट माया असते. गावात समोर कोणीही आला तरी ‘काय रे भो’ चालून जाते. तेच बोलणे हिंदीत उतरवून मुलगा प्रशिक्षण केंद्रात उस्तादांना ‘तू बता ना’ म्हणतो आणि मग पुढचा अर्धा तास मैदानाला फेऱ्या मारतो.

साधी रीत अशी आहे : अधिकाऱ्याला ‘सर’ किंवा ‘साब’, नायब सुबेदार ते सुबेदार मेजर या जेसीओंना ‘साब’, आणि प्रशिक्षकाला ‘उस्ताद’. कोणी विचारले तर उत्तर पूर्ण वाक्यात आणि स्पष्ट आवाजात द्यावे. मान हलवणे किंवा ‘हूं’ करणे हे उत्तर धरले जात नाही. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिशीतला मेजर पन्नाशीच्या सुबेदाराला हुकूम देताना ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो, हे नव्या मुलाने पहिल्यांदा ऐकले की त्याच्या डोक्यातील आदराची व्याख्याच बदलते, कारण आदर खालून वर जातो तसाच वरून खालीही येतो, हे त्याने घरी क्वचितच पाहिलेले असते.

४. सॅल्यूट नेमका कोणाला करतात? महिला अधिकाऱ्यालाही करावा लागतो का?

सॅल्यूट व्यक्तीला नसतो, राष्ट्रपतींनी दिलेल्या कमिशनला, म्हणजे अधिकारपदाच्या नेमणुकीला असतो. त्यामुळे अधिकारी पुरुष आहे की स्त्री, मराठा आहे की नागा, हा विचारच उद्भवत नाही. मुलींच्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे की, लष्करी पोलिसांत जवान म्हणून भरती झालेल्या महिलांची पहिली तुकडी २०२१ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून सेवेत दाखल झाली. डोक्यावर टोपी किंवा पगडी नसेल, तर भूदलात सॅल्यूट न करता सावधान उभे राहतात. भूदलात तळहात समोर दिसतो आणि नौदलात तो खाली वळलेला असतो, म्हणून चित्रपट पाहून शिकलेला सॅल्यूट घरीच ठेवून जावा.

५. रजा संपली, पण घरी अडचण आहे. दोन-चार दिवस उशीर झाला तर काय होते?

खान्देशातील जवानाच्या नोंदवहीत पहिला डाग लागतो तो बहुधा याच कारणाने, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

जवानाला वर्षाला साधारणपणे ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते, अग्निवीराला ३० दिवस. मात्र रजा हा हक्क नसून सेवेच्या गरजेप्रमाणे मिळणारी सवलत आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आलेली असते, श्रावणात कानबाईचे रोट असतात, दिवाळीनंतर कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, आणि घरचे म्हणतात, ‘राहा अजून चार दिवस, तुझ्यावाचून काय लढाई अडली आहे?’ अडते. तो परत येईपर्यंत चौकीवरचा दुसरा जवान रजेवर निघू शकत नाही, आणि त्या दुसऱ्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असते.

पुरेशा कारणाशिवाय रजा उलटून राहणे हा सेना अधिनियमाच्या ३९ व्या कलमाखालील गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अनुपस्थिती ३० दिवस झाली, की १०६ व्या कलमानुसार चौकशी मंडळ बसते आणि तशी नोंद होते. पळून गेल्याचा संशय आल्यास कमांडिंग ऑफिसर (युनिटचा प्रमुख) स्थानिक प्रशासनाला कळवतो आणि पोलीस पाटलाच्या दारापर्यंत गोष्ट येते. फरारीचा गुन्हा ३८ व्या कलमात आहे : मोहिमेवर असताना पळाल्यास मृत्युदंडापर्यंत आणि एरवी ७ वर्षांपर्यंत कारावास. इतर बहुतेक गुन्ह्यांना खटल्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे, ती फरारीला लागू नाही. त्यामुळे ‘काही वर्षांनी विसरतील’ ही आशा करू नये.

खरीच अडचण असेल तर मार्ग सोपा आहे. रजा संपण्याच्या आधी कंपनीत फोन करून मुदतवाढ मागावी आणि ती लेखी मिळाली आहे याची खात्री करून घ्यावी. आजारी पडल्यास जवळच्या लष्करी रुग्णालयात जावे. आपल्याला सोयीचे देवळालीचे आहे. तेथे जाणे शक्यच नसेल, तर सरकारी रुग्णालयात दाखल होऊन लगेच युनिटला कळवावे. भुसावळला गाडी रद्द झाली किंवा बारा तास उशिरा आली, तर स्थानकावरून तसे लिहून घ्यावे आणि तिकीट फाडून टाकू नये. ‘माय सिरियस आहे’ अशी खोटी खबर मात्र कधीही देऊ नये, कारण पडताळणी होते आणि ज्या दिवशी माय खरोखर आजारी पडेल त्या दिवशी कोणी विश्वास ठेवत नाही.

मी स्वतः तिसऱ्या वर्षी बहिणीच्या लग्नानंतर दोन दिवस उशिरा पोहोचलो होतो. शिक्षा सात दिवसांची झाली आणि तिचे फारसे वाटले नाही. पण माझ्यामुळे ज्याची रजा पुढे गेली, त्या गढवाली सोबत्याने महिनाभर माझ्याशी जेवणापुरतेही बोलणे केले नाही, ते अजून आठवते.

६. प्रशिक्षणात ‘रगडा’ लावतात, मारतात, असे ऐकतो. ते खरे आहे का?

रगडा म्हणजे चुकीबद्दल लावलेले जादा धावणे, लोळणे, पाठीवर पिठ्ठू घेऊन मैदानाच्या फेऱ्या. रंगरुटाला तो चुकत नाही आणि शरीर घडवण्यात त्याचा वाटाही असतो. पण हात उगारणे, अपमानास्पद शिव्या देणे, आजारी माणसाला पळवणे किंवा पैसे मागणे हे रगड्यात बसत नाही. वर सांगितलेले ४७ वे कलम त्यासाठीच आहे. चांगला उस्ताद मुलांबरोबर स्वतःही धावतो. माझे मत विचाराल तर, जो स्वतः सावलीत उभा राहून दुसऱ्याला उन्हात लोळवतो, त्याला शिस्त शिकवता येत नाही, भीती तेवढी शिकवता येते, आणि भीतीने शिकलेला जवान पाहणारा कोणी नसला की ढिला पडतो.

७. अन्याय झाला तर तक्रार कोठे आणि कशी करावी?

आधी सेक्शन कमांडर, मग प्लाटूनचे साब, मग कंपनी कमांडर, मग कमांडिंग ऑफिसर, अशी ती पायरी आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच वाटेत बसला असेल, तर २६ व्या कलमाने त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग दिला आहे, आणि तक्रार घेणाऱ्याने तिची पूर्ण चौकशी करणे बंधनकारक आहे. कमांडिंग ऑफिसर घेतात त्या सैनिक संमेलनात उभे राहून अडचण मांडता येते; लंगरातील जेवण, क्वार्टर, मुलांची शाळा असे विषय तिथल्या तिथे सुटताना मी अनेकदा पाहिले आहेत.

तीन गोष्टी टाळाव्यात. वीस जणांच्या सह्यांचा एकत्रित अर्ज गावात ग्रामपंचायतीला चालतो, पण सैन्यात सामूहिक तक्रारीस मनाई आहे आणि तिचा अर्थ फार गंभीर लावला जाऊ शकतो. निनावी पत्र लिहू नये. आणि तक्रारीत वाढवून लिहू नये, कारण जाणूनबुजून खोटा आरोप करणे हाही गुन्हा आहे.

आतल्या पायऱ्या संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले, २००९ पासून काम करू लागले, आणि महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. त्याच्या आधी, कोर्ट मार्शलच्या (लष्करी न्यायालयाच्या) निकालावर अपिलाची सोय नसणे ही कायद्यातील उणीव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये बोलून दाखवले होते. ती भरून यायला पाव शतक लागले.

८. ‘मार्च अप’ झाला असे मुलगा फोनवर सांगतो. म्हणजे काय?

म्हणजे आरोपाच्या सुनावणीसाठी त्याला कमांडिंग ऑफिसरसमोर उभे केले. घाबरून जाण्याचे कारण नाही. सेना नियमांतील २२ व्या नियमानुसार आरोप त्याच्या उपस्थितीतच ऐकला जातो, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याचा त्याला अधिकार असतो, आणि आरोपात तथ्य न दिसल्यास तो तेथेच रद्द होतो. किरकोळ गुन्ह्यांना सेना अधिनियमाच्या ८० व्या कलमाखाली शिक्षा होते : जास्तीत जास्त २८ दिवसांची कैद, लाइनीबाहेर जाण्यास बंदी, जादा पहारा, दंड, ताकीद अशा त्या शिक्षा आहेत. मोठ्या गुन्ह्यासाठी कोर्ट मार्शल असते व त्याचे चार प्रकार आहेत.

शिक्षेची नोंद लाल (गंभीर असल्यास) किंवा काळ्या शाईने होते, आणि चार लाल नोंदी झाल्या की घरी पाठवतात, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुसत्या चार नोंदी मोजून कोणाला काढता येत नाही. नोंदी कशाच्या आहेत, सेवा किती झाली, कठीण भागात किती काळ काढला, हे पाहून आणि चौकशी करूनच निर्णय घ्यावा लागतो.

१९८७ चा एक निकाल तर मी प्रत्येक मुलाला सांगतो. एका जवानाने कमांडिंग ऑफिसरविरुद्धची तक्रार ठरलेली पायरी सोडून थेट वर पाठवली, म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. कैदेत असताना त्याने जेवण घेण्याची आज्ञा मानली नाही, आणि त्याच कमांडिंग ऑफिसरच्या समरी कोर्ट मार्शलने त्याला वर्षभराचा सश्रम कारावास व बडतर्फी सुनावली. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्यानेच न्याय करावा, हे सर्वोच्च न्यायालयाला मान्य झाले नाही, आणि जेवण नाकारल्याबद्दलची शिक्षाही गुन्ह्याच्या मानाने अवाजवी ठरवून त्याने सगळी कारवाई रद्द केली. यातून पायरीचे महत्त्वही कळते आणि ती चढू न देणाऱ्या वरिष्ठाची चूकही.

९. मोबाइल आणि समाजमाध्यमांबाबत काय नियम आहेत?

जुलै २०२० मध्ये भूदलाने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप फोनमधून काढून टाकण्याचा आदेश दिला होता. असे आदेश बदलत असतात, म्हणून आपल्या युनिटचा ताजा आदेश हाच प्रमाण मानावा. घरच्यांचा निष्काळजीपणा मात्र जवानापेक्षा जास्त असतो. ‘आमचा भाऊ आज अमुक ठिकाणी निघाला’ असे स्टेटस धाकटा भाऊ अभिमानाने टाकतो, त्यात रेल्वेचा डबा, पाठीमागचे वाहन, कधी कधी युनिटचे चिन्हही दिसते. अनोळखी बाईच्या नावाने आलेल्या मैत्रीच्या विनंतीमागे कोण बसले आहे, हे जळगावात बसून ओळखता येत नाही. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ हा नागरिकांनाही लागू आहे.

१०. रजेवर असताना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चुलत्याचा प्रचार केला तर चालतो का?

चालत नाही. राजकीय हेतूच्या सभेत वा निदर्शनांत भाग घेणे आणि राजकीय संघटनेला वर्गणी देणे यांना सेना नियमांतील २० व्या नियमाने बंदी आहे. गावकीच्या निवडणुकीत पक्षचिन्ह नसते, ही पळवाट धरून बॅनरवर गणवेशातील छायाचित्र छापून घेणारे जवान मी पाहिले आहेत. त्याचा जाब नंतर उमेदवाराला नव्हे, जवानाला द्यावा लागतो. लोकसभा व विधानसभेसाठी सेवा मतदार म्हणून मत देण्याचा अधिकार मात्र त्याला आहे आणि तो बजवावा.

११. गावात गणवेश घालून फिरावे का? बाजारात मिळणारे लष्करी छापाचे कपडे शेतात घातले तर?

लग्नाच्या वरातीत गणवेश घालून नाचणे, त्यावर हार घालून घेणे, हे गणवेशाचा मान कमी करणारे आहे. रजेवर साधे कपडे घालावेत. निवृत्तांनी पदनाम नावाआधी आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर लिहावा. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी सैनिकासारखा पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाखाली गुन्हा असून ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. केळीच्या बागेत पाणी भरताना जुनी छापील पँट घालणाऱ्याचा असा हेतू नसतो, हे उघड आहे. तरीही ती बाजारहाटाला घालून जाऊ नये.

१२. रजेवर आलेल्या जवानाने गावात भांडण केले तर ते सैन्याला कळते का?

कळते, आणि कळल्यावर दुर्लक्ष करण्याची मुभा त्याच्या अधिकाऱ्यालाही नाही. सेना अधिनियमाच्या ६४ व्या कलमात एक जुन्या वळणाची तरतूद आहे : हाताखालच्या माणसाने कोणाला मारहाण केली, किंवा एखादी जत्रा वा बाजार उधळला, अशी तक्रार आल्यावर भरपाईची व्यवस्था न करणारा कमांडर स्वतःच गुन्हेगार ठरतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कोणी लष्करी कॅन्टीनची बाटली रिचवून धिंगाणा घातला, तर तो ‘आपला फौजी’ म्हणून सोडून देण्यात त्याचे भले नाही. कॅन्टीनचा दारूचा कोटा गावात विकणे हा तर दारूबंदी कायद्याखालचाही गुन्हा आहे.

१३. सातपुड्यातील आदिवासी मुलाला तिथे कमी लेखतात का?

नियमाने नाही, व्यवहारात एखादा तोंडाळ माणूस भेटतोच, आणि जातीवरून अपमान केल्यास वरील तक्रारीच्या मार्गाबरोबरच १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना मी आपल्याच जिल्ह्यांचा इतिहास सांगतो. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम याने खान्देशात भिल्ल कोर उभारली आणि तिचे ठाणे धरणगावला होते. ज्यांना सरकार दरबारी नुसते लुटारू म्हणत होते, त्यांच्यात मिसळून, त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊन त्याने आधी विश्वास मिळवला आणि कवायत नंतर शिकवली. इंग्रजांचा हेतू राज्य टिकवण्याचा होता, त्यात शंका नाही. पण विश्वास आधी आणि कवायत नंतर, हा क्रम आजच्या प्रशिक्षकालाही उलटा करून चालत नाही.

१४. जवान घरी पैसे पाठवत नाही, अशी पत्नीची तक्रार असेल तर?

तिने कमांडिंग ऑफिसरच्या नावे लेखी अर्ज करावा. जवानाचा पगार दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाने जप्त होत नसला, तरी पत्नी व मुलांच्या पोटगीसाठी पगारातून रक्कम कापण्याची तरतूद सेना अधिनियमातच आहे. अर्ज लिहिण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. घरातील भांडणाचा राग काढण्यासाठी असे अर्ज करू नयेत, हे खरे. पण ज्या घरी दोन लेकरे आणि रिकामा डबा आहे, तिथे ‘त्याच्या नोकरीला बट्टा लागेल’ म्हणून सुनेला गप्प बसवणाऱ्या सासऱ्यांशी मी सहमत नाही.

१५. अग्निवीराला चारच वर्षे काढायची आहेत. त्याला हे सर्व लागू आहे का?

पूर्णपणे लागू आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते आणि त्यासाठी चार वर्षांतील कामगिरी पाहिली जाते, त्यामुळे एखाद्या लाल नोंदीचा भार त्याला जास्तच जाणवतो.

१६. मुलगा भरती होऊन निघण्यापूर्वी घरच्यांनी काय करावे?

भरतीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांना जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा सेना अधिनियमाच्या ४४ व्या कलमाखाली ५ वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. म्हणून दाखल्यावरील जन्मतारीख किंवा रहिवास ‘जुळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे. मुलाचा सैनिक क्रमांक, कंपनीचे नाव आणि कार्यालयाचा दूरध्वनी मोबाइलवर न ठेवता घरातील वहीत लिहून ठेवावा, आणि ती वही कोठे आहे हे त्याच्या आईलाही माहीत असावे. मृत्यू, गंभीर आजार, घर पडणे अशी खरी वेळ आली, तर मुलाच्या मोबाइलवर रडत बसण्याऐवजी त्या क्रमांकावर फोन करून नाव, नाते आणि घटना एवढे तीनच शब्दांत सांगावे. ड्युटीवरचा क्लार्क ते लिहून घेतो, पडताळणीनंतर रजा मंजूर झाली की प्रवासाचे वॉरंट तयार होते, आणि बहुतेक वेळा मुलाला घरची बातमी कळते तेव्हाच त्याची निघण्याची तयारीही झालेली असते.